फक्त गावाचं नाव बदला

प्रति,
रा. रा. तयार प्रकल्पवाले भाऊ,
(झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि उच्च शिक्षण)
स्टँडजवळ, ता. निफाड, जि. नाशिक.

विषय : लोकप्रशासनाच्या अध्यापनातील आपल्या योगदानाबद्दल जाहीर आभार.

संदर्भ : आपल्या पेनड्राइव्हमधील फाइल, ‘ग्रामपंचायतीच्या कामकाजाचा अभ्यास, फायनल, फायनल 2’.

महोदय,

स. न. वि. वि. मी या तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मुलांना लोकप्रशासन शिकवते. म्हणजे तसं वेळापत्रकात लिहिलं आहे. प्रत्यक्षात कोण शिकवतं ते यंदा फील्ड प्रोजेक्टचे अहवाल तपासायला बसले तेव्हा कळलं, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिला अहवाल कादवाकाठच्या एका गावाचा होता. गावाला लाभलेली खाडी, मुख्य पीक भात, जोडीला काजू आणि सुपारी, हवामान उष्ण व दमट. भाऊ, निफाडचं हवामान दमट! दर थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला याची बातमी होते, द्राक्षवाले पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवत फिरतात आणि आमचं पोरगं लिहितं, ‘येथील नागरिक उकाड्याने त्रस्त असतात.’ दुसरा अहवाल उघडला, उगावचा. तिथंही खाडी. नैताळ्याला खाडी, कोठुऱ्याला खाडी, शिवडीलाही खाडी. नांदूर मध्यमेश्वरच्या अहवालात ती एक वेळ खपून गेली असती. तिथं निदान बंधाऱ्याचा जलाशय आहे, फ्लेमिंगो येतात, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. पण नेमका त्याच अहवालात पक्ष्यांचा उल्लेख नाही. मूळ गावात पक्षी नसावेत.

आकडेवारीबद्दल तर काय बोलावं! ‘सर्वेक्षणातील 33 उत्तरदात्यांपैकी 72 टक्के ग्रामस्थ ग्रामपंचायतीच्या कारभारावर समाधानी आहेत.’ मी हिशोब केला. तेवीस माणसं आणि वर पाऊण माणूस. हा पाऊण माणूस प्रत्येक गावात आहे. कधी तरी त्याला भेटायची इच्छा आहे, कारण कारभारावर पाऊण का होईना समाधानी असलेला गावकरी माझ्या पाहण्यात नाही.

तुमच्या कार्यक्षमतेला मात्र तोड नाही. राज्य शासनानं 20 एप्रिल 2023 च्या निर्णयानं पदवीचा नवा आराखडा आणला आणि त्यात क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग, कार्यानुभव असे घटक घातले. मुलांनी चार भिंतींबाहेर पडावं, माणसांत बसावं, कागद वाचावेत, हा त्यातला भाबडा हेतू. एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रकल्पाला 60 तास. हे साठ तासांचं काम तुमचा प्रिंटर चहा येईपर्यंत संपवतो, वर स्पायरल बायंडिंग. फ्रेडरिक टेलर कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजायचा आणि त्यावर 1911 मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं. तो पहिल्या वर्षी आमच्या अभ्यासक्रमात भेटतो. त्यानं तुमचं दुकान पाहिलं असतं तर घड्याळ तुमच्या गल्ल्यावर ठेवून तो परत गेला असता.

सुरुवातीला मला राग आला, हे कबूल करते. मग वाटलं, आपण उगाच जळतोय. मी वर्गात जे शिकवते ते पुस्तकातलं प्रशासन. खरं प्रशासन तुम्हीच शिकवता. फ्रेड रिग्ज नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं थायलंड, फिलिपाइन्ससारख्या देशांतली सरकारी कामं पाहिली आणि विकसनशील समाजाचं एक ठळक लक्षण सांगितलं : नियम एक आणि वहिवाट भलतीच. त्याला त्यानं फॉर्मॅलिझम म्हटलं. हा मुद्दा समजावताना माझा घसा कोरडा पडतो आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. तुमच्या काउंटरवर तोच मुद्दा त्यांना एका व्यवहारात कळतो. मुखपृष्ठ बरोबर, प्रमाणपत्र बरोबर, ऋणनिर्देशात आई-वडिलांचे आणि माझे आभार बरोबर, सही-शिक्का बरोबर. आत खाडी.

हीच मुलं उद्या ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, एखाद्या संस्थेच्या कार्यालयात बसतील. तिथं त्यांना काहीच नवं वाटणार नाही. सभा न भरवता इतिवृत्त कसं लिहायचं, ‘सर्वानुमते मंजूर’ हे दोन शब्द कुठं टाकायचे, सूचक-अनुमोदकांची नावं आलटून पालटून कशी वापरायची, काम झालंच नसताना विनियोग प्रमाणपत्र कसं पाठवायचं, या सगळ्याचा पाया तुम्ही घालून देता. आम्ही पदवी देतो, प्रशिक्षण तुमचं.

त्याऐवजी पोरं खरंच ग्रामसभेला गेली असती तर काय झालं असतं? जरा कल्पना करा. कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, एरवी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या. गणपूर्तीसाठी 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. झेंडावंदनाचा खाऊ वाटून झाला की निम्मा गाव पांगतो. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणून ती पुन्हा भरते आणि उरलेले लोक वर्षभराचा आराखडा मंजूर करून मोकळे होतात. यात बेकायदा काही नाही, हीच तर गंमत. एका पोरीनं हे डोळ्यांनी पाहिलं तर ती विचारेल, मॅडम, अट ठेवली कशाला आणि लगेच काढली कशाला? या प्रश्नावर दोन तास वाद घालता येतो. तुमच्या अहवालात ग्रामसभा ‘वेळेवर व उत्साहात’ पार पडते. प्रश्नच मिटला.

आता मुद्दाम निफाडविषयी लिहिते, कारण तुमचं दुकान निफाड तालुक्यात असावं हा योगायोग फार मोठा आहे. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 चा, इथलाच. न्यायमूर्ती म्हणून ज्यांच्या पुतळ्याला आपण हार घालतो, ते. 1870 मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी पुण्यात सार्वजनिक सभा काढली. पुढच्याच वर्षी रानडे नोकरीनिमित्त पुण्याला आले आणि सभेचा मेंदू झाले. सभेचं सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. पन्नास खरी माणसं, सह्या करणारी. तुमच्या तेहेतीस उत्तरदात्यांना त्या काळी सभेच्या दारातही उभं केलं नसतं.

1876 ला दख्खनमध्ये दुष्काळ पडला. सरकारी कामांवर येणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा हिशोब सर रिचर्ड टेंपल यांनी मांडला. सभेनं गावोगावहून माहिती मागवली : पीक किती, भाव काय, कामावर माणसं किती, मजुरी किती मिळते, जनावरांचं काय झालं. ही माहिती जुळवून सरकारला पत्रामागून पत्र गेलं. एक पौंडावर माणूस जगत नाही, हे भाषणात सांगणं सोपं होतं. सभेनं ते कागदावर, तपशिलासह सांगितलं. 1878 पासून सभेचं त्रैमासिक निघू लागलं. त्याच वर्षी रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि पुढच्या वर्षी धुळ्याला. बदली हे प्रशासनाचं उत्तर असतं, हा धडाही त्यात आला. वुड्रो विल्सनच्या ज्या लेखापासून आम्ही या विषयाची सुरुवात शिकवतो तो 1887 चा. म्हणजे अमेरिकेत विषयाला नाव मिळायच्या दहा वर्षं आधी निफाडला जन्मलेला माणूस त्याचं फील्डवर्क करत होता. त्या वेळी तुमचं दुकान नव्हतं म्हणून बिचाऱ्यांना माणसं पाठवावी लागली. नाहीतर ‘दुष्काळ, फायनल 2’ मध्ये 72 टक्के दुष्काळग्रस्त समाधानी निघाले असते आणि टेंपलसाहेबांनी तुम्हाला रावबहादूर केलं असतं.

रानडे लांब वाटत असतील तर ओझरला चला. विमानाच्या कारखान्याचं ओझर नव्हे, पाण्याचं ओझर. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचा कालवा या भागापर्यंत येतो, पण कालव्याच्या शेवटी असणाऱ्याचं नशीब तुम्हाला माहीत आहे. कागदावर सिंचित क्षेत्र, शेतात धूळ. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं या टेलच्या शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, पाळ्या आपण ठरवायच्या, पट्टी आपण गोळा करायची आणि खात्याला भरायची. ओहोळांवर बंधारे घालून आवर्तनाचं पाणी जिरवलं, विहिरी वर आल्या. ज्वारी-बाजरीच्या रानात द्राक्षं आली. पुढं धरणाच्या सगळ्या लाभक्षेत्रात अशा चोवीस संस्था झाल्या आणि त्यांचा एक प्रकल्पस्तरीय महासंघ. राज्यानं सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला 2005 मध्ये. त्यात संचालक मंडळावर कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना सारखं प्रतिनिधित्व आहे, स्त्रियांना राखीव जागा आहेत. टेलच्या माणसानं आधी सोसलं, मग संघटना केली, मग कायद्यात त्याच्यासाठी ओळ लिहिली गेली.

लोकप्रशासन आणि ना-नफा संस्थेचं व्यवस्थापन एकाच जागी शिकायचं तर जगाच्या पाठीवर याहून जवळची शाळा निफाडच्या पोराला मिळणार नाही. ल्यूथर गुलिकनं 1937 मध्ये व्यवस्थापकाची कामं ‘पोस्डकॉर्ब’ या एका शब्दात बसवली. आमची मुलं तो शब्द गायत्रीमंत्रासारखा घोकतात. त्यातला शेवटचा ‘ब’ म्हणजे अंदाजपत्रक, हे परीक्षेनंतर विसरतात. पाणी वापर संस्थेच्या एका वार्षिक सभेत बसलं तर तो ‘ब’ विसरणं शक्य नाही. कोणाची पट्टी थकली, थकबाकीदाराला पुढच्या पाळीला पाणी द्यायचं की नाही, तो अध्यक्षांचा चुलतभाऊ असेल तर काय, चारी फोडणाऱ्याला दंड कोण करणार, पाटकऱ्याला पगार कुठून : सगळं त्या सभेत असतं, आवाज चढवून असतं. सचिव वही उघडतो आणि नावानिशी वाचतो. तिथं ‘सर्वानुमते’ लिहायला सचिवाची हिंमत होत नाही, कारण समोर बसलेल्याचं पाणी त्या शब्दावर अवलंबून आहे.

लासलगावही आपल्याच तालुक्यात. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, लिलाव बंद पडले. त्याच वर्षी 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी. दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं ट्रॅक्टरांची रांग जागच्या जागी थांबते, हे धोरण-अंमलबजावणीचं प्रकरण आमची मुलं घरी जेवताना ऐकतात. तुमच्या ‘बाजार समितीचा अभ्यास’ या फाइलमध्ये मात्र शेतकरी ‘आधुनिक सुविधांमुळे आनंदी’ आहे. ज्याच्या बापानं तो माल रस्त्यावर ओतलेला पाहिला त्याच मुलानं हे वाक्य सही करून माझ्याकडं दिलं. इथं मला हसू आलं नाही, भाऊ. पत्र उपरोधाचं आहे म्हणून पुढं जाते.

हल्ली तुम्ही धंदा वाढवलाय असं ऐकते : संस्था नोंदणीचं पॅकेज. अभिनंदन. 1860 च्या कायद्यानं सात माणसं लागतात. नवरा, बायको, मेहुणा, मेहुण्याचा मित्र, अशी ती भरतात. घटनेतले उद्देश शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, महिला सबलीकरण, क्रीडा, गोसेवा, आणि जागा उरली तर अवकाश संशोधन. सोबत 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, मग प्राप्तिकराच्या सवलतींसाठीची नोंदणी, आणि कंपन्यांचा सीएसआरचा पैसा हवा तर 2021 पासून लागणारा सीएसआर-1 अर्ज. वार्षिक अहवालासाठी वृक्षारोपणाचे फोटोही तुमच्याकडं असतात म्हणे. एका रोपाला मी आता ओळखते. त्यानं या तालुक्यात अनेक संस्थांच्या वतीनं जन्म घेतला आहे आणि पाणी त्याला कुणीच घातलेलं नाही.

तुमच्या पॅकेजात काय नसतं तेही सांगते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, हे कुणी सांगत नाही. मग दोन गट पडतात, दोन्ही आपापली कार्यकारिणी खरी म्हणतात आणि धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजतात. संस्थेत भांडण होणं वाईट नाही. सार्वजनिक सभेतही झालं : 1895 मध्ये टिळकांच्या बाजूनं बहुमत मिळवलं आणि रानड्यांनी 1896 मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. मतभेद खरे होते, मतंही खरी होती. हरलेल्यानं नवी संस्था काढून काम चालू ठेवलं. मुलांना हे प्रकरण दिलं तर प्रशासन मंडळ, सभासदत्व, जबाबदारी हे कोरडे शब्द जिवंत होतील. पण त्यासाठी आधी संस्थेत खरे सभासद लागतात.

आता तुमच्या बाजूनंही बोलते. गिऱ्हाईक आल्याशिवाय दुकान चालत नाही, आणि ते आम्ही पाठवतो. अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमलेल्या एकट्या माणसाच्या माथी शेकडो प्रकल्प मारले जातात. तो गावात जाणार कधी आणि तपासणार काय? मूल्यांकन समिती येणार म्हटलं की कार्यालयाला अहवालांची थप्पी लागते आणि जिओटॅग फोटो लागतात. फोटोवरचे अक्षांश-रेखांश खरे असतात, बाकी सगळं तुमचं. अहवाल किती आले हे विचारणारे पुष्कळ भेटले. खाडी कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. आणि मुलांचं म्हणाल तर ती स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहायची आहेत, तरी गावात घालवलेली दुपार त्यांना वाया गेलेली वाटते. साहेब व्हायचंय, पण ग्रामपंचायतीच्या दप्तराला हात न लावता.

तेव्हा पुढच्या सत्रापासून मी माझ्यापुरता बदल केला आहे, तो तुम्हाला आगाऊ कळवणं माझं कर्तव्य. छापील अहवाल घेणार नाही. प्रत्येकानं एकच कागद आणायचा, पण खरा : ग्रामसभेचा एक ठराव, पाणीपट्टीच्या वसुलीचं एक पान, संस्थेचा एक ताळेबंद. आणि त्या कागदाबद्दल तोंडी उत्तरं द्यायची. हे कुणी मांडलं, विरोध कुणी केला, पैसे कुठून आले, काम झालं का, तू जाऊन पाहिलंस का? कागद मिळवायचा कसा हाच अर्धा अभ्यास. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दप्तर पाहता येतं, हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्गात कुणाचाच विश्वास बसला नाही. काही जण खात्री करायला गेले. कारकुनाचाही बसला नव्हता. त्यानं साहेबांना विचारलं, साहेबांनी परिपत्रक शोधलं, आणि आमची मुलं तोवर बाकावर बसून राहिली. त्या बाकावर त्यांना फायली कशा फिरतात ते कळलं. त्यांपैकी एकीनं परत येऊन विचारलं की माहितीच्या अर्जाला 30 दिवस लागतात तर परिपत्रक शोधायला किती? तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

यात तुमचं नुकसान व्हावं अशी माझी इच्छा नाही. पोरं येतीलच तुमच्याकडं. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं असतं, ते ठेवत चला. अर्जाची एक प्रत पोच म्हणून शिक्का मारून परत घ्यायची असते, म्हणजे प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मिळालेल्या कागदांच्याही प्रती निघतील. दर मात्र पानाला दोन रुपये लावा. सरकारही तेवढेच घेतं.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
एक लोकप्रशासन शिकवणारी

ता. क. : त्या फाइलमधलं मूळ गाव कोणतं, ते कळवाल का? तिथल्या ग्रामपंचायतीला एक प्रत पाठवायची आहे.